पाकिटावर रोबेर्तो, आत बॉब

परवा दुपारी पत्रपेटीत विजेचं बिल, दातांच्या डॉक्टरांचं 'सहा महिने झाले' असं आठवणीचं कार्ड आणि एक साधं पांढरं पाकीट होतं. पाकिटावर निळ्या शाईत, जरा थरथरत्या अक्षरात माझं नाव होतं, म्हणजे 'डॅन'. उजव्या कोपऱ्यात एकाच माणसाची चार तिकिटं ओळीने लावलेली. वीस-वीस सेंटची, १९८४ सालची. डोक्यावर पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाची टोपी, मागे प्वेर्तो रिकोचा झेंडा आणि नाव अगदी पूर्ण, रोबेर्तो क्लेमेन्ते.

इथे अमेरिकेत चाळीस वर्षांपूर्वीचं कोरं तिकीटही पत्राला चालतं. त्यामुळे खेळाडूंच्या फोटोंची कार्डं विकणारी मंडळी जुनी तिकिटं स्वस्तात घेऊन पाकिटांवर डकवत असतात. पण ज्याचं कार्ड त्याचंच तिकीट शोधून लावणारा मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भेटला. ओहायोतल्या कुठल्याशा गावचा हा माणूस. त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पोस्टाने मात्र चारही चेहऱ्यांवरून शिक्क्याच्या नागमोडी रेघा फिरवल्या होत्या. पोस्ट कुठलंही असो, शिक्का नेमका चेहऱ्यावरच बसतो.

मी पाकीट लगेच उघडलं नाही. आधी चहा ठेवला. अशी पाकिटं फाडायची नसतात, कात्रीने एका कडेने कापायची असतात. त्याआधी पाकीट हलकेच वाकवून आतला पुठ्ठा ताठ आहे ना हे पाहायचं असतं. आत बिस्किटाच्या खोक्याचे कापलेले दोन पुठ्ठे, त्यांच्यामध्ये वरून उघडा असलेला कडक प्लास्टिकचा खिसा, म्हणजे टॉपलोडर, त्याच्या आत पातळ प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पेनी स्लीव्ह, आणि तिच्या आत कार्ड. लग्नात चावट मित्र आहेर देतात ना, खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं आणि शेवटी स्टीलची वाटी, तसा प्रकार. टॉपलोडरच्या तोंडाला रंगारी वापरतात ती निळी टेप होती आणि तिचं टोक नखात यावं म्हणून आत दुमडलेलं. जो माणूस टेपचं टोक दुमडतो त्याच्याशी डोळे मिटून सोयरीक करावी. काही लोक साधी पारदर्शक चिकटपट्टी लावतात. मग सुरीने खरवडत बसा, आणि सुरी घसरली की साठ वर्षं टिकलेला कोपरा आपल्याच हातून जातो. अशा लोकांना मी पाच तारे देतो, पण मनापासून देत नाही.

आत १९६३ चं कार्ड होतं. खाली रंगीत पट्टा, कोपऱ्यातल्या वर्तुळात आणखी एक छोटा फोटो. क्रमांक ५४०. आणि नाव? बॉब क्लेमेन्ते.

माझं खरं नाव ज्ञानेश्वर. घरी ज्ञानू, शाळेत माउली. गणितात नापास झालो की मास्तर म्हणायचे, "माउली, आता रेड्यालाच उभा करा फळ्यापुढे." पासपोर्टवर हे नाव आपल्या मराठी रीतीप्रमाणे डी-एन-वाय असं सुरू होतं. १९९९ साली पिट्सबर्गला नोकरीवर रुजू झालो, त्या दिवशी साहेबाने ती तीन अक्षरं वाचायला तोंड उघडलं आणि जिन्यावरून पाय घसरावा तसा तो दुसऱ्याच अक्षरावर आपटला. मग घाम पुसत म्हणाला, "डॅन चालेल?" मी म्हटलं, चालेल. नोकरी नवी, व्हिसा त्यांच्या हातात. त्याने डॉरिस म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

बेसबॉलमधलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं. (आता 'ओ' कळतं.) पण ऑफिसजवळच्या नदीवर एक पिवळा पूल होता, सहाव्या रस्त्याचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर जाऊन डबा खायचो, कारण ऑफिसात लसणाच्या चटणीचा वास फिरला की लोक खिडक्या शोधायचे, आणि त्या इमारतीच्या खिडक्या उघडत नसत. पुलाला आदल्याच वर्षी क्लेमेन्तेचं नाव दिलेलं होतं. पलीकडे नवं स्टेडियम उठत होतं. ते २००१ साली सुरू झालं. तिथली उजव्या बाजूची भिंत मुद्दाम एकवीस फूट उंच ठेवली आहे, कारण क्लेमेन्ते क्षेत्ररक्षणाला उजव्या बाजूला उभा राहायचा आणि त्याच्या जर्सीचा नंबर २१ होता. हे मला शेजारच्या क्युबिकलमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं. जन्माने पिट्सबर्गचे, साठीला आलेले. निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना त्यांना स्टेपलरच्या पिनांखाली एक कार्ड सापडलं, १९६९ चं, एक कोपरा दुमडलेला. ते माझ्या हातात ठेवून म्हणाले, "डॅन, हा आमचा बॉबी. तू ठेव."

तिथून हे खूळ लागलं.

आमच्या पिढीला तशी ही लागण जुनीच आहे म्हणा. बिग फन आठवतं का? चघळून चघळून जबडा दुखायचा, गोडवा दोन मिनिटांत संपायचा, पण गम खायचा होता कुणाला? आतल्या कागदावर क्रिकेटवाल्याचं चित्र आणि त्यावर रन नाहीतर विकेट. रन जमवायचे आणि दुकानदाराकडून फ्लिपबुक घ्यायचं. पानं फर्रकन सोडली की फलंदाज फटका मारायचा. ८७ साली, वर्ल्ड कपच्या दिवसांत, आमच्या सांगलीच्या वाड्यात या कागदांची उलाढाल बँकेपेक्षा जास्त असेल. एकाच बोलरची अकरा चित्रं माझ्याकडे आणि हवा तो एकही नाही. अदलाबदलीला दुपारी जिन्याखाली जमायचं, कारण मोठी माणसं झोपलेली. व्यवहार कुजबुजत व्हायचे. "दोन विकेट घे, सहा रन दे." "सहा? वेडा झालायस का?"

त्याच सुमारास मी मुंबईच्या एका फलंदाजाला पत्र लिहिलं. नाव सांगत नाही, कारण त्यात त्याची काही चूक नाही. सही केलेला फोटो पाठवा म्हणून. दादाने सांगितलं होतं की आत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालावं लागतं, मोठ्या माणसांना तिकीट चाटायला वेळ नसतो. मी दोन पाकिटं घेतली, दोन्हींवर अक्षर काढून पत्ता लिहिला, एकात दुसरं घातलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. मग रोज साडेअकराला ओट्यावर. पोस्टमनकाका लांबूनच मान हलवायचे. पुढे पुढे मला चुकवायला ते समोरच्या बोळातून जायला लागले. दोन महिन्यांनी एका रात्री अंथरुणात मला लख्ख आठवलं की मी दोन्ही पाकिटांवर त्याचाच पत्ता लिहिला होता. म्हणजे त्या भल्या माणसाने फोटोवर सही करून पाकीट पोस्टात टाकलं असेल, तर दुसऱ्या दिवशी ते त्याचं त्यालाच मिळालं असणार. कधीतरी कुठे गाठ पडलीच तर विचारीन म्हणतो.

बिग फनच्या कागदांचं काय झालं हे सांगायला नको. मी दहावीला गेलो आणि आईने सगळा गठ्ठा बंबात घातला. "अभ्यास कर, पाणी तरी तापलं." इथल्या आयांनीही तेच केलं. मुलगा कॉलेजला गेला की बुटांच्या खोक्यातली कार्डं कचऱ्यात. म्हणून तर उरलेल्यांना भाव आला. खुद्द कंपनीनेही वेगळं काय केलं? टॉप्स ही मुळात ब्रुकलिनची च्युइंगगमवाली कंपनी, कार्डं निघाली गम खपावा म्हणून. १९५२ ची न खपलेली कार्डं पुढे कंपनीच्या साय बर्गर यांनी पडावात भरून न्यू जर्सीजवळ समुद्रात बुडवली. त्याच वर्षीचं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. बंबात घाला नाहीतर समुद्रात, आयांचं आणि कंपन्यांचं डोकं सारखंच चालतं.

मी त्या भानगडीत नाही. मी फाटकी कार्डं घेतो. कोपरे गोलावलेली, मध्ये घडी पडलेली, पाठीमागे कुणा पोराने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलेली. स्वस्त पडतात हे खरं कारण. दुसरं कारण असं की, कुणाच्याही हाताचा घाम न लागलेलं कार्ड पाहिलं की मला त्या मुलाची दया येते ज्याला ते हातात घेऊ दिलं नसेल. १९६३ च्या या कार्डाला मात्र फाटकं असूनही बरेच मोजावे लागले. तेव्हा कार्डं उन्हाळाभर हप्त्याहप्त्याने बाजारात यायची. हे शेवटच्या हप्त्यातलं. तोवर पोरं शाळेत आणि फुटबॉलमध्ये गुंतलेली, म्हणून ही कमीच. किती मोजले ते लिहीत नाही, ही वाचते.

तर नावाचं. १९५५ आणि ५६ च्या कार्डांवर तो रोबेर्तो आहे. ती कार्डं आकाराने जरा मोठी असतात, नेहमीच्या नऊ खिशांच्या पानात बसत नाहीत. ५७ साली टॉप्सने कार्ड लहान केलं, आणि त्याच वर्षी नावही लहान केलं. बॉब. ते थेट ६९ पर्यंत. मधल्या काळात तो चारदा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला, १९६० ची वर्ल्ड सिरीज जिंकला, ६६ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, तरी बॉबच. त्याला ते आवडत नसे, माझं नाव रोबेर्तो आहे असं तो सांगत राहायचा. वर्तमानपत्रवाले त्याचं इंग्रजी, उच्चारांसकट, जसंच्या तसं छापून गंमत करायचे. ७० साली एकदाचं कार्डावर रोबेर्तो परत आलं.

एवढ्यावरही संपलं नाही. तो गेल्यावर कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये पाटी लागली ती 'रोबेर्तो वॉकर क्लेमेन्ते' अशी. प्वेर्तो रिकोत बापाचं आडनाव आधी, आईचं शेवटी, म्हणून हवं होतं 'रोबेर्तो क्लेमेन्ते वॉकर'. ते दुरुस्त झालं २०००  साली. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, कारण इथल्या औषधाच्या दुकानात गेली पंचवीस वर्षं मला वडिलांच्या नावाने हाक मारतात. मधलं नाव म्हणजे बापाचं, हे त्यांच्या संगणकाला मान्य नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. अजून महिन्यातून एकदा खिडकीवरून पुकारा होतो आणि मी "आलो" म्हणून पुढे जातो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या नावावर मिळतात.

डॅनचा मला राग आहे का? खरं सांगायचं तर डॅनने माझं बरंच केलं. घराचे हप्ते त्याने भरले, नको त्या मीटिंगांना तोच बसला. ज्ञानूला मी शनिवार-रविवारसाठी राखून ठेवला. मी एकदाही कुणाला "ज्ञानेश्वर म्हणा" असं म्हटलेलं नाही. क्लेमेन्ते म्हणत राहिला. पण त्याच्या हातात बॅट होती.

आईला व्हिडिओ कॉलवर नवं कार्ड दाखवलं. तिने चष्मा वर-खाली करून पाहिलं. "कोण रे हा? आपल्या मिरजेच्या काकांच्या घरातला वाटतो."

"नाही गं, प्वेर्तो रिकोचा. गेला तो. १९७२ मध्ये."

"अगंबाई. तरणाताठा दिसतोय की. कशाने?"

मग सांगावं लागलं. निकाराग्वात भूकंप झाला होता, मानाग्वा शहर पडलं होतं. हा तिथे मदतीचं सामान स्वतः घेऊन निघाला, ३१ डिसेंबरच्या रात्री. विमान जुनं, भार जास्त, सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. अडतीस वर्षांचा होता. देह मिळालाच नाही. तीन महिन्यांपूर्वीच, ३० सप्टेंबरला, त्याची तीन हजारावी हिट झाली होती. पुढच्या वर्षीचं कार्ड तरीही निघालं. त्याच्या पाठीमागे एकूण हिट्सच्या रकान्यात ३००० असा आकडा आहे. कार्ड उलटं करून मी तो तिला दाखवला, पण कॅमेऱ्यात दिसला नाही.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवलास का?"

रात्री बाइंडर काढला. १९६३ चं कार्ड त्याच्या खिशात सरकवलं. ५७ ते ७३, सतरा झाली. नऊ खिशांची दोन पानं, म्हणजे अठरा खिसे. शेवटचा एक रिकामा राहतो. मुलगी पाठीमागून डोकावून म्हणाली, "बाबा, तिथे पण काहीतरी लाव ना, रिकामं बरं नाही दिसत. ते पाकिटावरचं तिकीट लाव."

तिकिटं कोमट पाण्यात सोडवून घेता येतील. सुटली तर तिथे बसतीलही. पण हिशेबाने तो खिसा १९७४ चा आहे.

बघू.