येळवशीच्या आदल्या रात्रीचा गॅस

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पूजा-जेवणाच्या सणाला, औसा तालुक्यात मावशीकडे जायचं ठरलेलं. संभाजीनगरहून पहाटे निघालो आणि बीडच्या अलीकडे सीएनजीच्या रांगेत अडकलो. "प्रेशर नाही, गाडी यायचीय," पंपावरचा पोरगा म्हणाला. या पंपापर्यंत पाइपलाइन नाही. ट्रकवर सिलिंडरांचा घड येतो, तोच इथला साठा. माझ्या टाकीत २०० बार दाबापर्यंत गॅस मावतो, पण ट्रकमधलं प्रेशर उतरत गेलं की गाडीचा काटाही मध्येच थांबतो. मफलर गुंडाळलेला रिक्षावाला म्हणाला, "गारठ्यात गॅस जास्त बसतो साहेब. आला तर!" खरंय. थंडीत वायू आकसतो.

दीड तास गेला. पुढे मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई कुठंच थांबलो नाही.

मावशीकडं परसात जुना गोबरगॅस आहे. खड्ड्यातल्या शेणकाल्यावर लोखंडी डबा पालथा तरंगतो; गॅस भरेल तसा वर येतो, वापरला की खाली बसतो. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या भाजीसाठी, तुरीचे-वालाचे दाणे सोलून ठेवलेले, उंडे करायचे, आंबील करायची. रात्रभर शेगडी लागणार. आणि डबा जेमतेम हातभर वर.

"थंडीत असंच," मावशी म्हणाली. "उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवते, तरी गॅस धरत नाही." शेणातून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू गारठ्यात मंदावतात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पुरवठा आटतो.

मी शहाणपणा केला, "आठ दिवस जपून वापरायचा ना!"

"आन् ठेवू कुठं? डबा भरला की कडंनं बुडबुडे निघून जातो."

बोलती बंद. युरोपात हेच गणित जमिनीच्या पोटात सोडवतात. रिकाम्या झालेल्या गॅसक्षेत्रांत आणि मिठाच्या थरांतल्या पोकळ्यांत उन्हाळाभर नैसर्गिक गॅस भरायचा, हिवाळ्यात घरं उबवायला उपसायचा. २०२२ च्या टंचाईनंतर तर युरोपीय संघानं १ नोव्हेंबरपर्यंत ९० टक्के साठा भरायचं उद्दिष्टच ठरवलं. आपल्याकडं तसे भूमिगत साठे नाहीत. जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो, तोही उणे १६२ अंशांवर द्रव करून, जहाजानं. आपल्या हिवाळ्यात घरं तापवावी लागत नाहीत म्हणून निभावतं, एवढंच.

अकराच्या सुमारास ज्योत निळीची पिवळी झाली, लपलपली, गेली. मावशीनं काही न बोलता भज्जीचं पातेलं परसातल्या चुलीवर नेलं. गेल्या साली तूर काढल्यावर रचलेल्या तुराट्यांची गंजी कुडाला टेकून उभी होती. मौसाजी एकेक पेंडी ओढून देत होते, मी फुंकणी घेऊन डोळे चोळत बसलो.

पहाटे पाहिलं तर डबा वीतभर वर आलेला. त्यावर चौघांचा चहा झाला.