मीन्स टेस्ट आणि आईच्या औषधांचे पैसे

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायचा म्हटलं की पहिली धास्ती असते मीन्स टेस्टची, म्हणजे तुम्हाला देणं फेडणं झेपेल का याच्या तपासणीची. दिवाळखोरीच्या कायद्यातल्या चॅप्टर 7 मध्ये क्रेडिट कार्डं, दवाखान्याची बिलं अशी बिनतारणाची देणी माफ होऊ शकतात. पण ज्याला थोडंफार फेडता येईल त्याने न फेडता सुटू नये, म्हणून 2005 च्या कायद्याने ही चाळणी बसवली. तिच्यात अडकलं की बहुतेकांपुढे चॅप्टर 13 उरतो, म्हणजे तीन ते पाच वर्षं हप्ते. 2023 मध्ये आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत यातून गेलो. आपल्या लोकांत यावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कर्जाची कहाणी छोटी आहे. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ नोकरी गेली. विम्याने न भरलेली बिलं कार्डावर गेली आणि मग एका कार्डाचं देणं दुसऱ्यावरून भागवणं सुरू झालं.

वकीलबाईंनी आधी पगाराच्या स्लिपा मागितल्या. अर्ज ज्या महिन्यात दाखल होतो त्याच्या आधीचे पूर्ण सहा महिने धरतात. त्या काळातलं कर कापण्याआधीचं उत्पन्न एकत्र करून सहाने भागायचं, बाराने गुणायचं आणि राज्यात तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाचं जे मध्यम उत्पन्न (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर, निम्मी खाली असा आकडा) असेल त्याच्याशी ताडून पाहायचं. आज घरात किती येतंय हा प्रश्नच नाही. नवऱ्याचे सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीने दिलेले, पैसे मार्चमध्ये एकरकमी आले होते. सप्टेंबरात अर्ज केला असता तर मार्च मोजला गेला असता, ऑक्टोबरात केला तर तो गळतो. उत्पन्न लपवणं गुन्हा आहे, पण महिनाभर थांबायला कायद्याची आडकाठी नाही. आम्ही थांबलो. तो महिना जड गेला, कलेक्शनवाल्यांचे फोन सकाळी आठपासून वाजायचे.

तरीही माझ्या ओव्हरटाइममुळे आम्ही आमच्या चार माणसांसाठीच्या आकड्याच्या वरच राहिलो. खाली असतो तर 122ए-1 या फॉर्मवरच काम भागलं असतं. आता 122ए-2 भरणं आलं, आणि खरी परीक्षा हीच. यात तुमचा प्रत्यक्ष खर्च सगळीकडे धरत नाहीत. जेवणखाण, कपडे, घरातल्या किरकोळ वस्तू यांना आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) ठरवलेली रक्कम मिळते, घरभाड्याला काउंटीप्रमाणे, म्हणजे जिल्ह्याप्रमाणे. कर आणि मुलांच्या पाळणाघराचे पैसे मात्र खरे धरतात. आपणहून 401-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात) टाकलेले पैसे चॅप्टर 7 मध्ये वजा होत नाहीत. आमच्या गाडीचं कर्ज फिटलेलं होतं, त्यामुळे गाडीच्या मालकीखर्चाची वजावट नाही, फक्त चालवण्याचा खर्च. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये रॅन्समच्या खटल्यात तसं ठरवून दिलंय. फिटलेल्या गाडीमुळे आकडा बिघडतो, हे मला अजूनही पटत नाही.

सगळं वजा करून महिन्याला 320 डॉलर शिल्लक दिसत होते. ही शिल्लक साठने गुणतात, म्हणजे पाच वर्षांची. ते झाले 19,200. तेव्हाची वरची मर्यादा 15,150 डॉलर होती. तिच्यापुढे गेलं की कायदा गृहीत धरतो की तुम्ही चॅप्टर 7 चा गैरफायदा घेताय.

मग वकीलबाईंनी बँकेच्या स्टेटमेंटवर बोट ठेवलं. दर महिन्याला भारतात जाणारे हे 210 डॉलर कुणाचे?

आईचे. ती कराडला दादाकडे असते. पार्किन्सन्स आहे, पेन्शन नाही. आपल्याकडे आईला पाठवलेल्या पैशांना कुणी खर्च म्हणत नाही, फॉर्मवर मांडायचं तर मनात येतच नाही. पण त्या फॉर्मची 26 वी ओळ नेमकी याचसाठी आहे. वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग जवळच्या नातेवाइकाच्या देखभालीवर चालू असलेला खर्च तिथे मांडता येतो. कायद्यात आई-वडिलांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यांनी तुमच्या घरात राहायलाच हवं अशी अट नाही. खर्च मात्र खरा, वाजवी आणि गरजेचा हवा, आधीपासून चालत आलेला हवा, आणि तो त्यांना स्वतः झेपणारा नसावा. अर्जाच्या तोंडावर पैसे पाठवायला लागलात तर त्याला अर्थ नाही.

दादाने व्हॉट्सअॅपवर मेडिकलची बिलं पाठवली, डॉक्टरांचं पत्र पाठवलं आणि एका वहीच्या पानांचे फोटो. आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार तो त्या वहीत मांडतो: तारीख, रक्कम, शेजारी मावशींची मोठाल्या अक्षरांतली सही. तो म्हणाला, "अगं, या वहीला तिकडे कोण विचारणार?" मी पानन् पान इंग्रजीत करून खाली सही केली आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या महिनावार जोडल्या. ट्रस्टीने, म्हणजे अर्ज तपासायला नेमलेल्या माणसाने, पुढे नेमकं तेच मागितलं.

320 मधून 210 गेले, उरले 110. गुणिले साठ, 6,600. खालची मर्यादा 9,075 होती. तिच्या आत असलं की ते गृहीतक लागू होत नाही. (दोन्ही मर्यादांच्या मध्ये आलात, तर ती रक्कम बिनतारणाच्या देण्याच्या 25 टक्के भरते का ते पाहतात.)

अर्जाआधी मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट काउन्सेलिंग आणि 338 डॉलर फी, हे सरळ पार पडलं. अर्ज दाखल होताच फोन थांबले, वसुलीला कायद्यानेच स्थगिती मिळते. 341 ची बैठक, म्हणजे ट्रस्टीसमोरची विचारपूस, झूमवर झाली. ट्रस्टीने शपथेवर विचारलं की आईचा खर्च आणखी कोण उचलतं. मी सांगितलं की राहणं-जेवण भावाकडे, औषधं आणि मावशींचा पगार माझ्याकडे. त्याने पुढे काही विचारलं नाही. नंतरचा पैशांच्या नियोजनाचा कोर्स केला आणि पुढच्या वर्षी डिस्चार्जचा, म्हणजे देणी माफ झाल्याचा, कागद आला. क्रेडिट रिपोर्टवर ही नोंद दहा वर्षं राहते, त्याची तयारी ठेवा.

1 एप्रिल 2025 पासून त्या दोन मर्यादा 10,275 आणि 17,150 डॉलर झाल्या आहेत. त्या दर तीन वर्षांनी बदलतात, मध्यम उत्पन्नाचे आकडे त्याहून लवकर. वकिलाकडे जाताना सहा महिन्यांच्या स्लिपांबरोबर घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्याही न्या, त्यांनी मागितल्या नाहीत तरी.