बारावा घाणा आणि आत्याची कॉफी

अकरावा घाणा करपला होता, बारावा जमला. चिकमगळूरची हिरवी, म्हणजे कच्ची, अरेबिका जातीची कॉफी बी १५० ग्रॅम, तीच लोखंडी कढई, तेच उलथनं. नवव्या मिनिटाला तडतड सुरू, बाराव्याला गॅस बंद. भाजून भरली १२७ ग्रॅम, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास घट. रंग एकसारखा नाही. कढईत तो येतही नाही. फोलपट सुपात पाखडलं. (पंखा लावून गार करायला जाऊ नका. मागच्या वेळी आमचं फोलपट शेजारच्यांच्या कुरडयांवर जाऊन बसलं.)

वास मात्र अजून चकवतोय. कच्ची बी गवतासारखी, सोललेल्या मटारासारखी. पिवळी पडली की ज्वारीच्या लाह्या. तडतडीनंतर आपली ओळखीची कॉफी. पण मला हवाय तो औशाला आत्याच्या घरी, दिवाळीच्या सुट्टीत यायचा तो. बारा घाणे झाले, त्याचा पत्ता नाही.

बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमसच्या नाक्यावर थांबतात. वास तिथं न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडं, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसकडं, जवळच्या वाटेनं पोचतो. हे वाचल्यापासून मी नाकावर भरवसा ठेवून होतो. घोळ वेगळाच निघाला.

रविवारी आईचा फोन. "काय करायलास?"

"कॉफी भाजायलोय. आत्यासारखी होईना."

आई हसायलाच लागली. "तिच्या कॉफीत कॉफी कुठं होती रे? चमचाभर भुकटी, तीबी चिकोरीची. वास सगळा जायफळाचा. आन् दूध चुलीवरचं, धुरकटलेलं."

म्हणजे नाक बरोबर होतं, त्या वासाला नाव मी चुकीचं दिलं होतं. दुकानातल्या कॉफीच्या मिश्रणात निम्म्याच्या जवळपास चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, असू शकते. कॉफी किमान ५१ टक्के हवी, एवढाच नियम. आणि मी निव्वळ अरेबिका भाजत बसलोय!

मग तीन दिवस मुरलेला बारावा घाणा दळला, तीस टक्के चिकोरी घातली, म्हशीचं दूध, गूळ नाही साखरच, वरून जायफळ किसलं. झाकण काढलं आणि क्षणभर आलं. आत्या नाही आली. सारवलेली गार जमीन आली, आणि पितळी पेला धरायला तिनं पुढं केलेलं पदराचं टोक. दुसऱ्या घोटाला सगळं गेलं. लगेच दुसरा कप केला, काही नाही. नाक फार लवकर सरावतं.

राहिला धूर. लाकडाच्या धुरातला ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वास देणारं रसायन, गडद भाजलेल्या कॉफीतही असतो, तेव्हा तेरावा घाणा आणखी दोन मिनिटं पुढं नेणार. तरी दूध गोवऱ्यांवरच तापवून पाहायचंय. गोवऱ्या गावाहून आल्यात. गच्चीवर चूल मांडायला घरातून परवानगी मिळालेली नाही.