75 फ्रेम

रात्रीचा दीड वाजलाय. सकाळी दादाला आईचा फोटो पाठवायचाय, म्हणजे सोमवारपर्यंत तसबीर होऊन येईल, आणि अजून हाती काहीच नाही. "अगं, चालू व्हिडिओतून एक फोटो काढायचा, त्यात एवढं काय?" असं तो सहज म्हणाला. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

ताईच्या लग्नाची, 1993 ची कॅसेट. त्यात आई हसते ती जेमतेम तीन सेकंद. व्याह्यांच्या पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन वाकलीय, समोरचे पाहुणे दोन्ही हात पानावर आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणतायत. सेकंदाला 25 म्हणजे 75 फ्रेम. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ई दाबत दाबत, एकेक पुढे सरकत सगळ्या पाहिल्या. माझ्याकडच्यात एकेक फ्रेम मागे जाता येत नाही, एक निसटली की पुन्हा पहिल्यापासून. शिफ्ट-एस दाबून चाळीसेक उतरवल्या. एकीतही ते हसू नाही.

चालू असताना दिसतं, थांबवलं की जातं. कुठे ओठ अर्धवट उघडे, कुठे शूटिंगवाल्याच्या हॅलोजनने डोळे मिटलेले. हाताच्या कडेला फणीसारखे दाते. ते का, हे आता कळलं. या एका फ्रेममध्ये दोन क्षण असतात: आधी एकाआड एक ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. तेवढ्यात आईचा हात पुढे गेलेला. डीइंटरलेस केलं, म्हणजे त्या दोन क्षणांचा गुंता सोडवला, तर दाते गेले, पण चेहराही पुसटला. 576 ओळींच्या चित्रात तिचा चेहरा साठेक ओळींचा, मोठा केला की नुसते चौकोन.

रडू आलं. तिचा एक धड फोटो काढायला आम्हाला कधी जमलं नाही. दर वेळी तीच म्हणायची, तुम्ही उभे राहा, मी... जाऊ दे.

मग फ्रेम शोधणं सोडलं आणि तो तुकडाच पुन्हा पुन्हा लावला. आधी मान कलते. मग खांदे हलतात. हसू चेहऱ्यावर पोचेपर्यंत ती पुढच्या पानाकडे वळलेली असते. मी नुसता चेहराच बघत बसले होते.

मान कललेली ती फ्रेम घेतली. चेहरा पाऊणच दिसतोय, ताटातली जिलेबी म्हणजे नारिंगी डाग. ताट कापून फक्त चेहरा ठेवू का, असं दादाला लिहिलं. तोही जागाच होता.

"कापू नकोस," एवढंच आलं.