चावी सोडली तरी स्टार्टर फिरतोच

ऐन चिखलणीत आमच्या ट्रॅक्टरचा स्टार्टर चावी सोडल्यावरही कर्रर्र करत राहिला. स्टॉपची दांडी ओढून इंजिन बंद केलं, तरी हा चालूच. अशा वेळी आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, नाहीतर स्टार्टरची मोटर जळते. त्यासाठीच पाना सीटखाली असतो.

काका म्हणाले, "मोटरच गेली रे, नवी घाल." म्हटलं, थांबा जरा. गिअर न्यूट्रलला ठेवून सोलेनॉइडची, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, चावीकडून येणारी बारीक वायर काढली आणि बॅटरीची केबल क्षणभर टेकवली. मोटर फिरलीच! म्हणजे चावीचा स्विच निर्दोष, सोलेनॉइडमधले कॉन्टॅक्ट चिकटलेले. उघडल्यावर तांब्याची डोकी काळीठिक्कर, खड्डे पडलेली. कमजोर बॅटरीवर सारखा स्टार्टर मारला की हेच होतं. त्यात गुहागरची खारी हवा. टर्मिनलवर हिरवट थर, पिनियनच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, शाफ्टला गंज. तो घासला, पिनियन बोटाने सहज मागे सरकतंय ना पाहिलं. तिथे ग्रीस थापू नका, धूळ धरतं.

सोलेनॉइड नवा घातला. घासलेल्या कॉन्टॅक्टवर भर पावसात माझा तरी भरवसा नाही. बॅटरीही बदलायची आहे. काका त्यावरून अजून कुरकुरतायत.