जांभळा रंग उतरवताना

प्रयोगशाळेतल्या प्रौढ पांढऱ्या उंदराचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात सुमारे २० कोटी चेतापेशी असतात, हे मी पुस्तकात वाचले होते. पण या पेशी वेगवेगळ्या वस्त्या करून राहतात, हे मला खरे वाटले ते क्रेसिल व्हायोलेट या जांभळ्या रंजकाने रंगवलेला मेंदूचा पहिला पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा.

इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या काळ्या रंजनात, म्हणजे पेशी रंगवण्याच्या पद्धतीत, चेतापेशी आपल्या सर्व शाखांसह दिसते, मात्र शंभरांतल्या अगदी मोजक्याच पेशी रंगतात. एका पेशीचा आकार समजून घ्यायला ते रंजन अप्रतिम आहे. मला मात्र मेंदूच्या भागांच्या सीमा दाखवणारा नकाशा काढायचा होता, आणि नकाशासाठी सगळ्या पेशी दिसाव्या लागतात. जर्मन वैद्य फ्रान्झ निस्ल यांनी १८८० च्या दशकात, वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच, नेमकी ही उणीव भरून काढली. त्यांच्या पद्धतीतले क्रेसिल व्हायोलेटसारखे आम्लारिधर्मी रंजक केंद्रकातल्या डीएनएला आणि पेशीकायेतल्या रायबोसोमांच्या आरएनएला चिकटतात, त्यामुळे प्रत्येक पेशीची काया उमटते आणि तंतू जवळजवळ अदृश्य राहतात.

मेंदू कुजू नये म्हणून पॅराफॉर्माल्डिहाइड या रसायनाने स्थिर करणे, ३० टक्के साखरेच्या द्रावणात तो तळाला जाईपर्यंत ठेवणे, गोठवून ४० मायक्रोमीटर जाडीचे छेद घेणे, हे सगळे शिस्तीने करता येते. खरी परीक्षा त्यानंतरची आहे. रंजकातून बाहेर काढलेली काचपट्टी सरसकट जांभळी असते. ॲसिटिक आम्लाचे थेंब घातलेल्या अल्कोहोलमध्ये पार्श्वभूमीवरचा रंग उतरतो आणि पेशींमधला टिकून राहतो, पण हा टप्पा थोडा लांबला तर पेशीही फिकट पडतात. माझ्या पहिल्या खेपेच्या सर्व पट्ट्या अशाच फिकट झाल्या, कारण मी घड्याळाकडे पाहत राहिले आणि छेदाकडे पाहिले नाही. एका प्राण्याचा जीव त्या छेदांसाठी गेला होता, आणि ते वाया गेल्याचे दुःख मला अजून आहे.

चांगल्या छेदात हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग आधी नजरेत भरतो. डेंटेट गायरस, सीए१ आणि सीए३ ही त्याच्यातल्या उपभागांची नावे. डेंटेट गायरसमधल्या बारीक, दाट पेशींची वळलेली पट्टी, सीए१ मधल्या लहान पिरॅमिडी पेशींची घट्ट ओळ आणि सीए३ मधल्या मोठ्या, विरळ होत गेलेल्या पेशी हे सारे एकाच रंगात असूनही वेगळे ओळखू येते, कारण पेशींचा आकार, दाटी आणि मांडणी बदलते. अशा बदलांवरूनच सीमा ठरतात. चेताशास्त्रज्ञ लोरेन्ते द नो यांनी १९३४ मध्ये सीए१ आणि सीए३ यांच्या मध्ये सीए२ हा चिंचोळा भाग मांडला; त्याच्या पेशी सीए३ सारख्या मोठ्या, पण सीए१ सारख्या दाटीने बसलेल्या असतात.

पॅक्सिनोस आणि वॉटसन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदराच्या मेंदूच्या नकाशासंग्रहात क्रेसिल व्हायोलेटच्या जोडीला ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) रंजन वापरले आहे, आणि मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. पेशींच्या मांडणीत जी सीमा पुसट असते, ती कित्येकदा रासायनिक रंजनात स्वच्छ उमटते. माझ्याकडे मात्र त्या वेळी निस्लचेच छेद होते. सीए१ आणि सीए२ यांच्यामधली रेघ मी निर्धास्तपणे काढली. सीए२ संपून सीए३ सुरू होतो तिथे एकाच छेदावर दोन दिवशी दोन वेगळ्या जागी हात थांबला, म्हणून तिथे मी तुटक रेघ काढली आहे.