काट्यावरचा जुना कॉम्प्युटर

धरणगावकडच्या एका कापूस जिनिंग कारखान्याचा मुनीम सगळा हिशोब पुसून गायब झाला, तेव्हा पोलिसांनी तांत्रिक तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं. भाव नंतर ठरवू, या बोलीवर शेतकऱ्यांनी दिवाळीपासून तिथे कापूस टाकला होता. मे महिना, पारा 45 अंशांच्या पुढे, आणि आवारात माणसंच माणसं. एका आबांनी वजनकाट्याची चिठ्ठी पुढे केली. "भाऊ, मना हिशोब सापडी ना?"

ऑफिसच्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क होती. साध्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी मजकूर जागेवरच राहतो. त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तो काढता येतो. एसएसडीचं तसं नसतं. फाइल पुसली की विंडोज डिस्कला 'ट्रिम'ची, म्हणजे ही जागा आता लागत नाही अशी, आज्ञा देते, आणि मग डिस्कचा स्वतःचा कंट्रोलर त्या जागा आतल्या आत रिकाम्या करत बसतो. आम्ही राइट ब्लॉकर लावतो, पण तो फक्त बाहेरून होणारं लिखाण अडवतो. नुसती वीज मिळाली तरी आतली साफसफाई चालूच राहते. इथे तर मालकानं शोधाशोध करत मशीन दोन दिवस चालू ठेवलं होतं. खात्यांच्या जागी शून्यांच्या रांगा दिसल्या. असं काही घडलं की मशीनची वीज तोडा आणि हात लावू नका, एवढं साधं गावोगाव कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मापाडी बोलता बोलता म्हणाला, काट्यावरचा कॉम्प्युटर जुनाच आहे. त्यात फिरती हार्ड डिस्क निघाली. मुनीमानं तिथल्याही नोंदी पुसल्या होत्या, पण हंगाम संपल्यामुळे त्यावर नवीन काही चढलं नव्हतं. दुपारी वीज गेली, जनरेटर लावून पुन्हा पहिल्यापासून प्रत काढली. मूळ डिस्क आणि प्रत यांची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून गणितानं निघणारी ओळखखूण, जुळली तेव्हा अंधार पडला होता. पुसलेल्या नोंदी बहुतेक सगळ्या परत आल्या.

तारखा मात्र सगळ्या खोट्या! मदरबोर्डची बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जायचं. कोर्टात बचावाचा वकील पहिला घाव इथेच घालणार. पण छापलेली तारीख चुकते हे मापाड्याला ठाऊक होतं, म्हणून तो प्रत्येक चिठ्ठीवर पेनानं खरी तारीख घालून सही करायचा. शेतकऱ्यांनी जपलेल्या चिठ्ठ्या मागवल्या. चिठ्ठी क्रमांक, गाडी नंबर, वजन, एकेक नोंद जुळवत गेलो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा तज्ज्ञाचा भाग मी हॅशसह भरून दिला. वजनं आणि तारखा त्यात आहेत. भाव फक्त ऑफिसच्या एसएसडीत होता. तो मिळू शकत नाही, हे कारणासह लिहिलं आणि आबांनाही तसंच सांगितलं. आता बाजार समितीचे त्या दिवसांचे दर धरावेत, म्हणून शेतकरी भांडत आहेत.